बेगमी काय फक्त कुरडया-पापडांचीच?

फाल्गुन सरत आला की आमच्या पुसदच्या गच्च्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. एकीकडे जुन्या साड्यांवर कुरडया, दुसरीकडे ज्वारीचे धापोडे, कोपऱ्यात मुगवड्या, आणि सावलीच्या पट्ट्यात पाखरे हाकायला बसवलेले एखादे कंटाळलेले पोर. आमच्याकडचे ऊन तुम्हांला ठाऊकच असेल. ते सोसायचे तर आहेच, मग त्याच्याकडून कामही करून का घेऊ नये, असा वऱ्हाडी बाईचा रोकडा हिशेब!

आमच्या समोरच्या काकू या बाबतीत गल्लीत सगळ्यांच्या पुढे. होळीच्या आधी त्यांचा कुलर माळ्यावरून खाली उतरलेला, गवत बदललेले, टाकी घासलेली. चैत्रात वर्षाचे तिखट-हळद कुटून डब्यात. घरच्या तुरीला तेलाचा हात लावून, वाळवून, भरडून पन्नास किलो डाळ कोठीत. पहिला पाऊस पडायच्या आत लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधलेले. आम्ही तरण्या बायका त्यांना विचारायला जायचो, ‘काकू, यंदा गहू किती घ्यावा?’ आणि त्या घरातली माणसे, येणारे पाहुणे, सणवार सगळे मोजून तोंडावर आकडा सांगायच्या. तो क्वचितच चुकायचा.

दोन वर्षांपूर्वी पौषात काका सकाळी देवपूजेला बसले, ते उठलेच नाहीत.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. पुण्याहून आलेला मुलगा कागदपत्रे पाहायला बसला आणि मला हाक मारून घेऊन गेला. पलंगावर कागदांचा ढीग पडला होता. तीन बँकांची पासबुके, त्यांतले एक कधीच बंद झालेले. एका मुदतठेवीला नॉमिनी म्हणून काकांच्या आईचे नाव, आणि त्या माउलीला जाऊन अकरा वर्षे झालेली. घराची नोंद अजून काकांच्या वडिलांच्या नावावर. एक लॉकरची किल्ली होती, पण ती कोणत्या बँकेची हे कोणालाच सांगता येईना. विम्याचा हप्ता दरवर्षी जायचा म्हणत, पण त्याचा कागद सापडेना. आणि काकांचा मोबाइल? त्यात बहुधा सगळे होते. पण तो उघडायचा आकडा काका स्वतःबरोबर घेऊन गेले होते.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘मले काय ठाव वो बाई, सारं तेच पाहत होते.’ मग थोड्या वेळाने, कोणाकडेच न पाहता म्हणाल्या, ‘वर्षाची डाळ मले माहीत, अन् वर्षाचा पैसा कुठं आहे ते नाही माहीत.’

त्यानंतरचे दहा महिने काकूंनी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. आज हा दाखला, उद्या तो. एका ठिकाणी तर पाच वेळा गेल्यावर कळले की अर्जच चुकीचा भरला होता. मुलाची रजा संपली, येण्याजाण्यात पैसे गेले. काकूंचे नुकसान फार झाले असे नाही, शेवटी बरेचसे मिळाले. पण शोक करायला मिळणारे दिवस झेरॉक्सच्या दुकानात उभे राहण्यात गेले, याला काय म्हणावे?

मैत्रिणींनो, त्या रात्री घरी येऊन मी स्वतःचीच परीक्षा घेतली. आमची खाती कोणत्या बँकेत? दोन सांगता आली. (यांची तीन निघाली.) नॉमिनी कोण? माहीत नाही. विमा किती रकमेचा? माहीत नाही. घरावर कर्ज किती उरले? ‘थोडेसे.’ थोडेसे म्हणजे किती? माहीत नाही. मी पदवीधर बाई. वर्तमानपत्र रोज वाचते, मुलीला गणित शिकवले. आणि दहातल्या तीन प्रश्नांवर माझी गाडी अडली.

‘तहान लागल्यावर विहीर खणणे’ ही म्हण आपण आळशी माणसासाठी वापरतो. पण काकू आळशी होत्या का? मी आहे का? आपण बायका तर वर्षभर तहानेच्या आधीच विहिरी खणत असतो. फरक इतकाच की त्या सगळ्या स्वयंपाकघरात खणतो. बाकीच्या घराची बेगमी कोणीतरी दुसरे करत असेल, असे धरून चालतो. आणि तो दुसरा, बिचारा, आपल्यासारखाच ‘पाहू पुढच्या महिन्यात’ म्हणत असतो.

आता सांगते, मी काय केले. आधी चुकले कुठे, तेच सांगते. दुसऱ्याच दिवशी जेवताना यांना म्हटले, ‘अहो, सगळे कागद मला एकदा दाखवा ना.’ यांनी घास हातात धरून विचारले, ‘का गं, मी काय मरायला टेकलोय?’ झाले! विषय तिथेच संपला, वर दोन दिवस अबोला. दोष यांचा नव्हता. शेजारच्या घरातले सुतक अजून ताजे, आणि मी भाजी वाढता वाढता असला विषय काढावा! अशुभ बोलले की ते घडते ही भीती शिकलेल्या माणसालाही असते, आपल्यालाही असते. खोटे कशाला बोला, मलाही आहे.

मग मी थांबले. लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो की नाही? त्या दिवाळीत मी शंभर पानी नवी वही आणली, तिला हळदकुंकू वाहिले आणि पहिल्या पानावर माझ्याच नावाने सुरुवात केली. माझे खाते, माझे भिशीचे पैसे, माझे दागिने कुठे आहेत, माझा रक्तगट, मला कोणते औषध चालत नाही. वही यांच्यासमोर ठेवून म्हटले, ‘मला काही झाले तर तुम्हांला शोधावे लागू नये.’ यांनी वाचले. काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी पाहते तो दुसऱ्या पानापासून यांचे अक्षर!

या सगळ्यात मला अनपेक्षित पाठबळ मिळाले ते सासूबाईंचे. मला वाटले होते, त्या रागावतील. त्या बाहत्तरीच्या, माहेर हिंगोलीकडचे, म्हणजे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातले. १९७२च्या दुष्काळात त्या सतरा-अठरा वर्षांच्या होत्या. वडिलांबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली त्यांना आठवते. तिथे मिळायची ती सुकडी आठवते आणि रेशनवरची लाल मिलो आठवते, जिची भाकरी थापताना फाटायची. त्या म्हणतात, ‘काम मिळालं म्हणून जगलो. नाहीतर गाव सोडावं लागलं असतं.’

ते काम आयत्या वेळी आभाळातून पडलेले नव्हते, हे मला नंतर वाचून कळले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकातच आपल्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात एक प्रयोग सुरू केला होता. गावात मागेल त्याला काम द्यायचे आणि त्या कामातून रस्ता, बांध, विहीर असे काहीतरी कायमचे उभे राहील असे पाहायचे. दुष्काळ आला तेव्हा सरकारच्या हाताशी ही कल्पना तयार होती. तेव्हाचे मुख्यमंत्री आपल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. त्यांच्या काळात ती राज्यभर राबवली गेली. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, आणि २००५ साली देशभरासाठी तसा कायदा आला त्याचे मूळही इथलेच. दुष्काळात अडचणी, भ्रष्टाचार, हाल हे सगळे होतेच. तरी आधी करून पाहिलेली एक गोष्ट हाताशी असली की संकटात माणूस निदान पहिले पाऊल कुठे टाकायचे ते जाणतो.

असो. सासूबाईंचे पाठबळ मात्र दुष्काळामुळे नव्हते. त्या रात्री त्यांनी जे सांगितले ते मी लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत ऐकले नव्हते. १९८४ साली सासऱ्यांनी नदीकाठचे चार एकर शेत विकले. ‘मले कोणी सांगितलं? बाजारात वांगे घेत होते. भाजीवाली म्हणाली, शेत विकलं म्हणे तुमचं, चांगला भाव आला का?’ सासूबाई हसून सांगत होत्या, पण पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्या शेतात दहा वर्षे त्यांनी कापूस वेचला होता. ‘नाव नव्हतं ना माझं त्यावर. मग विचारायचं कशाला?’

नाव! मैत्रिणींनो, या एका शब्दासाठी महाराष्ट्रातल्या शेतकरी बायका किती चालल्या आहेत! नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले, त्याला खेड्यापाड्यांतून लाखावारी बायका आल्या. त्यानंतर शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली. ज्या गावातले निदान शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा तुकडा स्वखुशीने बायकोच्या नावावर करतील, ते गाव लक्ष्मीमुक्त. जळगाव जिल्ह्यातले विटनेर हे त्यांतले नावाजलेले गाव. कायद्याची सक्ती नव्हती, कोर्टाची नोटीस नव्हती. घरात भांडण होण्याआधी, कोणी मरण्याआधी, नवऱ्यांनी सही केली.

पुढे १९९२ साली सरकारनेही लक्ष्मीमुक्तीचा निर्णय काढला, तो असा की नवऱ्याने अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचे नाव सहधारक म्हणून लावायचे, त्यासाठी फी नाही. तेव्हा मुख्यमंत्री होते सुधाकरराव नाईक, म्हणजे पुन्हा आमच्या पुसदचेच. जलसंधारणासाठी वेगळे खाते त्यांच्याच काळात निघाले; त्यांचा स्मृतिदिन, १० मे, राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळतात. ऐन उन्हाळ्यात, पावसाच्या महिनाभर आधी! पाणी अडवायचे तर पाऊस यायच्या आधी खणावे लागते, हे सांगायला याहून चांगली तारीख कोणती?

तर सातबारा. तुमच्या घरी शेत असेल, कोरडवाहू दोन एकर का असेना, तर एकदा सातबारा काढून त्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते वाचा. आता तो मोबाइलवरही दिसतो. कित्येक घरांत आजेसासऱ्यांचे नाव अजून तसेच असते. जिवंतपणी हे दुरुस्त करायला दोन-चार चकरा लागतात. नंतर करायला वर्षे लागतात, आणि चुलतभाऊ अचानक आठवण काढू लागतात ते वेगळेच. नवे घर घ्यायचे असेल तर एकट्या बाईच्या नावावर घेतल्यास महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. हे यांना सांगितल्यावर यांचा चेहरा एकदम खुलला. बाईच्या हक्काने जे जमत नाही ते कधीकधी एका टक्क्याने जमते!

बँकेतल्या नॉमिनीबद्दल मात्र एक गैरसमज काढून टाकायला हवा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे त्याच्या हातात देते, पण ते कायदेशीर वारसांचे असतात. मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाच्या मागे बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचा वाटा सारखा. म्हणून नॉमिनीही लावावा आणि मृत्युपत्रही करावे. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केली की झाले; फक्त ज्याला काही मिळणार आहे त्यालाच साक्षीदार करू नये हे बरे. नोव्हेंबर २०२५पासून बँकेच्या खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, ठेवीत कोणाला किती टक्के तेही लिहिता येते. आणि जुने पासबुक सापडले तर फेकू नका. दहा वर्षे कोणी हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते, तरी वारसाचा हक्क जात नाही. अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ साली ‘उद्गम’ नावाची सोय केली आहे. मुलांना बसवा, नाव टाकून पाहायला सांगा.

पैशाचे झाले. दुसरी गोष्ट लिहायला मला जड जाते आहे.

माझ्या धाकट्या जावेला आंघोळ करताना छातीत गाठ लागली, ती श्रावणात. दुखत नव्हती. ‘मुलाची बारावी होऊ दे, मग पाहू.’ बारावी झाली. मग नणंदेच्या मुलीचे लग्न. ती डॉक्टरकडे गेली तेव्हा सात महिने उलटले होते. आज ती आहे, हसते, बोलते, डबे करते. पण एक स्तन गेला, केस गेले आणि परत आले, आणि ज्या बारावीसाठी ती थांबली होती त्या मुलाचे कॉलेजचे पहिले वर्ष दवाखान्याच्या बाकावर गेले. गाठ दुखत नव्हती म्हणूनच दाखवायला हवी होती, हे आम्हांला डॉक्टरीणबाईंनी सांगितले. कर्करोगाची गाठ सुरुवातीला पुष्कळदा दुखत नाही.

महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर आठवडाभराने, आरशासमोर उभे राहून आणि मग आडवे पडून स्वतःच्या हाताने तपासायला पाच मिनिटे लागतात. कोणताही बदल वाटला, गाठ, खळगा, बोंडातून स्राव, तर पुढच्या सणाची वाट पाहू नये. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे मुख यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग तर होण्याच्या आधीच ओळखता येतो, त्याच्या आधीची अवस्था बरी करता येते. २०२२च्या नवरात्रात राज्य सरकारने ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ म्हणून बायकांची तपासणी मोहीम काढली होती, तेव्हा आमच्या गल्लीतल्या अकराजणी मिळून गेलो. एकटीला संकोच वाटतो, घोळक्याने गेले की जत्रेसारखे होते. दोघींचा रक्तदाब वाढलेला निघाला, आणि त्या दोघी ‘मला काय धाड भरलीय’ म्हणणाऱ्यांपैकीच होत्या. तेव्हापासून दर नवरात्रात आम्ही जातो. घट बसले की तारीख आपोआप आठवते.

बारीकसारीक गोष्टी पुष्कळ आहेत. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. तुमची कधी बदलली? सिलिंडर घेताना त्याच्या मानेजवळच्या पट्टीवर इंग्रजी ए, बी, सी, डी यांपैकी अक्षर आणि पुढे वर्षाचा आकडा असतो. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत. ती त्या टाकीच्या पुढच्या तपासणीची मुदत. मुदत उलटलेली टाकी परत पाठवा, डिलिव्हरीवाला कितीही घाई करो. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ मुलांना पाठ असतात, सासूबाईंना नसतात. म्हणून आम्ही ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले. मोबाइलवरून कोणी फसवून पैसे काढले तर १९३० वर लगेच, त्याच तासात, फोन करायचा. लाजेने दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले की पैसे पुढे निघून जातात.

आता तुमच्यापैकी एखादी म्हणेल, एवढी चिंता करत बसायचे तर जगायचे कधी? बरोबर आहे. माझी एक मैत्रीण आहे, तिला रात्री झोप येत नाही, ‘असं झालं तर, तसं झालं तर’. तिच्या घरी जाऊन पाहिले तर नॉमिनी एकाही खात्याला नाही! काकूंना कुरडयांची चिंता करताना मी कधी पाहिले नाही. त्या गहू भिजत घालतात, तिसऱ्या दिवशी चीक काढतात आणि रात्री शांत झोपतात. मी आठवड्याचे एकच काम ठरवते, बुधवारी दुपारी, जेवणे आटोपल्यावर. एका बुधवारी एक नॉमिनी. एका बुधवारी नळी. एखाद्या बुधवारी काहीच नाही, कारण पाहुणे आले.

सासूबाईंनी मध्यंतरी मला विचारले, ‘वहीत माझं पान आहे का?’ नव्हते. मी ओशाळले. मग त्यांनी सांगितले आणि मी लिहिले. दोन तोळ्यांची पोत नातीला. पोस्टातले पैसे तेरवीवर खर्च न करता घराच्या छताला लावायचे. आणि डोळे दान करायचे. यांनी चमकून पाहिले. सासूबाई म्हणाल्या, ‘विचारलं कोणी मला आजवर?’

गेल्या आठवड्यात काकूंच्या गच्चीवर धापोडे घालायला गेले होते. उन्हे चढायच्या आत आटपायचे म्हणून दोघी भराभर हात चालवत होतो. शेवटची घाणी थापून झाल्यावर काकूंनी ओल्या हातांनी पदर सावरला, कमरेची पिशवी चाचपली, आणि त्यातून स्वतःच्या नावाचे कोरे करकरीत पासबुक काढून माझ्यासमोर धरले. ‘यावर चार जणांची नावं लागतात म्हणत होतीस ना? दोन्ही पोरी, पोरगा अन् सून. बँक कितीला उघडते वो?’